भाकरीखालचा खडक



फाल्गुन लागला की आमच्या बैठकांमध्ये एक मागणी ठरलेली असते. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, लेकीच्या फीसाठी कर्ज मागणाऱ्या असतातच, पण त्या दिवसांत तीन-चार जणी तरी म्हणतात, "बोअर मारायचाय." कुणाचा दुसरा असतो, कुणाचा चौथा. आम्ही सहयोगिनी वर्षभर कर्जाच्या वह्या लिहितो. शेळीचं कर्ज फिटतं, मशीनचं फिटतं. कोरड्या बोअरचं कर्ज मात्र मजुरी करून फेडावं लागतं, आणि ती मजुरी बहुतेक घरांत बाईचीच असते. म्हणून आज ठरवलं, बोअरच्या त्या सहा इंची भोकातून जरा मागे जाऊन बघायचं. किती मागे? साडेसहा कोटी वर्षं. घाबरू नका, लवकर परत येऊ.

त्या काळी आपला सह्याद्री नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हारस बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक थर थंड व्हायचा, मध्ये बराच काळ जायचा, मग त्याच्यावर दुसरा थर. दुरडीत भाकऱ्यांची चवड लावावी तसे थरावर थर बसले. पश्चिमेला घाटाकडे ही चवड जवळजवळ दोन हजार मीटर उंच झाली, पूर्वेकडे पातळ होत गेली. कुठल्याही गडाच्या कड्याकडे लांबून बघा, आडव्या रेघा दिसतात, त्या याच. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग या एकाच काळ्या दगडावर बसलेला आहे. शास्त्रज्ञ त्याला बेसॉल्ट म्हणतात, आपण काळा पाषाण.

भाकरीला वरून फोड येतात तसे या थरांनाही आले. लाव्ह्यात वाफ आणि वायू होते, ते वर येताना बुडबुडे अडकले. म्हणून प्रत्येक थराची वरची बाजू सच्छिद्र आणि खालची, मधली बाजू घट्ट. विहीर खोदणाऱ्या वडार मंडळींना हे कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाणी असतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या चिरांत. घट्ट पाषाणात पाणी मुरत नाही. गंगा-यमुनेच्या मैदानात शेकडो मीटर गाळ आहे, तिथे जमीन म्हणजे पाण्याने भिजलेली वाळूची गोणीच. आपल्याकडे तसं नाही. आपल्या जमिनीत पाण्याला जागाच थोडी आहे. हे एवढं एक वाक्य आजच्या गप्पांतलं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

हा खडक कंजूष आहे खरा, पण त्याने आपल्याला दिलंही काही कमी नाही. आपल्या आज्यांचं जातं याच दगडाचं. पाटा-वरवंटा याचाच. पाथरवट गावात आला की जात्याला टाकी लावून घ्यायची, नाहीतर पीठ जाडं पडायचं. आणि हाच दगड उन्हापावसात कुजून कुजून त्याची काळी माती झाली. या मातीचा गुण असा, की ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ती जे पाणी धरून ठेवते, त्यावर हिवाळ्याचं अख्खं पीक येतं. रब्बी ज्वारी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, नंतर पावसाचा थेंब नाही पडला तरी रात्रीच्या गारव्यावर आणि जमिनीतल्या ओलीवर ती वाढते. जगात फार थोड्या ठिकाणी धान्य असं साठवलेल्या ओलीवर निघतं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर स्वातंत्र्याच्या आधी निवडलेली मालदांडी ३५-१ आजही पेरली जाते ती यामुळेच.

इथे एक गोष्ट आपण बायका चटकन ओळखू, अर्थशास्त्राच्या पुस्तकांना ती उशिरा कळते. ज्वारीचं पीक एक नाही, दोन आहेत. कणीस माणसाला आणि कडबा जनावराला. कडबा खाऊन बैल नांगर ओढायचा, मोट ओढायचा, शेण द्यायचा. शेणाचं खत परत त्याच रानात. आज आपण ऊर्जा म्हटलं की वीज, डिझेल, गॅस म्हणतो. त्या काळी शेताची ऊर्जा शेतातच उगवत होती.

मोट आता फक्त चित्रात उरली. चामड्याची मोठी पिशवी, तिला नाडा आणि सोल, विहिरीच्या काठावर चाक, आणि बैलांना उतरायला उताराची धाव. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर यायची, थारोळ्यात रिती व्हायची, पाटाने पाणी वाफ्यात. दिवसभर हाकली तरी थोडंसंच रान भिजायचं. त्यात मळ्यातली भाजी, थोडा गहू, मिरची, आणि ज्याचं पाणी चांगलं त्याचा थोडका ऊस. मोटेचं कौतुक करायचं म्हणून आम्ही हे सांगत नाही. बैलांचे आणि माणसांचे हाल होते. पण तिच्यात एक आपोआपचा लगाम होता. विहिरीत संध्याकाळी पाणी खाली गेलं की रात्रीत झरे ते भरून काढायचे. बैल दमायचे आधी, खडक रिकामा व्हायचा नंतर.

मग काय, तेव्हा सगळं सुखाचं होतं? मुळीच नाही. पाऊस गेला की ओल गेली, ज्वारी गेली, कडबा गेला, बैल गेला, आणि पुढच्या वर्षी पाऊस पडला तरी पेरायला बैल नाही. १८७६-७७ चा दुष्काळ असाच पडला. रेल्वे आली होती, पण धान्य भुकेकडे जात नाही, पैशाकडे जातं. इंग्रज सरकारने खर्च वाचवायला दुष्काळी कामावरची मजुरी एवढी खाली आणली, की दिवसाला जेमतेम एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोला थोडं कमी, आणि वर थोडी चिल्लर. खडी फोडणाऱ्या माणसाला! मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी काम सोडून निषेध केला, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. सावित्रीबाई फुले तेव्हा जुन्नरकडे ओतूरला दुष्काळी कामात होत्या, १८७७ च्या एप्रिलमध्ये तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं आहे. आणि जोतीरावांनी पुढे १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात उपायही सांगितले. ठिकठिकाणी ताली आणि बंधारे घाला, म्हणजे पावसाचं पाणी रानात मुरेल आणि माती वाहून जाणार नाही. आज पाणलोट म्हणून आपल्याला ट्रेनिंगमध्ये जे शिकवतात, ते या माणसाने तेव्हा लिहून ठेवलं. ट्रेनिंगमध्ये त्यांचं नाव कुणी घेत नाही, ते सोडा.

आता वीज. विजेची गोष्ट आपल्याकडे अन्नाशी पहिल्यांदा भिडली ती मुळशीला. सह्याद्रीचा कडा उभा तुटलेला, वर भरपूर पाऊस, खाली कोकण. घाटावरचं पाणी धरण बांधून अडवायचं आणि नळातून कड्याखाली सोडायचं, म्हणजे वीज तयार. टाटांच्या कंपनीने मुंबईच्या गिरण्यांसाठी खोपोलीला १९१५ मध्ये अशी वीज सुरू केली होती. पुढे मुळशीला धरण ठरलं तेव्हा मावळातली भाताची खाचरं बुडणार होती. १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला, त्यात मावळातल्या बायाही उतरल्या. धरण झालंच. आणि बघा, ते पाणी मूळचं भीमेच्या खोऱ्यातलं. ती नदी पूर्वेला दुष्काळी मुलुखाकडे वाहते. तिचा एक वाटा तेव्हापासून पश्चिमेला वळून वीज होतो आणि समुद्राला मिळतो. कोयनेचंही तसंच. कोयनेच्या विजेने पुढे अर्धा महाराष्ट्र उजळला हे खरं, आणि ते पाणी कृष्णेच्या खोऱ्यात राहिलं नाही हेही खरं.

१९६० मध्ये राज्य झालं, त्याच वर्षी राज्य वीज मंडळ आलं. त्याआधी डिझेलची इंजिनं गावात आली होतीच, त्यांचा फटफट आवाज ऐकलेल्या बाया अजून आहेत. मग विजेची मोटार. जे पाणी बैलजोडी दिवसभरात काढत होती, ते मोटार तासा-दोन तासांत काढायला लागली. पिठाची गिरणी आली, पहाटेचं दळण सुटलं. हे आम्ही आनंदाने सांगतो. जात्यावरच्या ओव्या कुणाला कितीही गोड वाटोत, दळणाऱ्या हातांना विचारा.

पण विहिरीचा लगाम सुटला.

त्यात १९७२. आपल्या सासवांना विचारा, वर्ष सांगावं लागत नाही, नुसतं "बहात्तरचा दुष्काळ" म्हटलं की पुरे. खरं तर दोन वर्षं आधीपासूनच पाऊस कमी होता. १९७२ मध्ये खरीप गेला, रब्बीही गेली. त्या आधीच्या काही वर्षांत देश अमेरिकेच्या गव्हावर कसाबसा तगला होता, आणि आता अमेरिकेतून लाल मिलो आला. मिलो म्हणजे ज्वारीचाच प्रकार, तिकडे जनावरांना घालतात. त्याच्या भाकऱ्या थापताना मोडायच्या, म्हाताऱ्या सांगतात. दुष्काळी कामावर सुकडी वाटली जायची. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात कामावरची माणसं जवळजवळ पन्नास लाख होती, आणि त्यांत बाया फार मोठ्या संख्येने होत्या. काम कोणतं? खडी फोडायची, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. म्हणजे ज्या काळ्या पाषाणाने पाणी दिलं नाही, तोच पाषाण हातोडीने फोडून त्या बायांनी मुलांच्या तोंडात घास घातला. आज आपण ज्या डांबरी रस्त्याने तालुक्याला जातो, त्याच्या खाली त्यांची खडी आहे.

त्या कामांतून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. मागेल त्याला काम, आणि बाईला पुरुषाएवढीच मजुरी. १८७७ च्या एक पौंडापासून इथवर यायला शंभर वर्षं लागली. दुष्काळ तोच, खडक तोच, पण या वेळी माणसं त्या प्रमाणात मेली नाहीत. कायदा आणि संघटना यांचा हा फरक.

आणि त्याच दुष्काळात आणखी एक गोष्ट गावात आली, हवेच्या दाबाने खडक फोडणारं बोअरचं यंत्र. आलं ते पिण्याच्या पाण्यासाठी, हातपंपासाठी. हापशाने किती बायांची कोसभराची पायपीट वाचवली! पण हळूहळू ते यंत्र शेतात शिरलं. विहीर तीस-चाळीस फूट, बोअर दोनशे, मग चारशे, मग सहाशे. सुरुवातीला सांगितलेली ती भाकरीची चवड आठवा. पाणी राहतं ते मुख्यतः वरच्या मुरूम-मांजऱ्यात. खाली जाल तशा चिरा कमी होत जातात. खोल चिरेत कधी पाणी लागतं, ते वर्षानुवर्षं हळूहळू साठलेलं असतं, आणि दोन उन्हाळ्यांत उपसून संपतं. कधी कधी तर नवा बोअर दुसरं काहीच करत नाही, शेजारणीच्या विहिरीतलं पाणी आपल्याकडे ओढतो. मग ती पण बोअर मारते. कर्जाच्या वहीत दोघींची नावं.

यात विजेचा हिशोब धरा. तीस फुटांवरून हंडा ओढणं आणि तीनशे फुटांवरून ओढणं, जोर दहापट. मोटारीलाही तसंच. विजेचं बिल बराच काळ मीटरवर नाही, मोटारीच्या हॉर्सपॉवरवर होतं, म्हणजे किती उपसलं याला किंमतच नव्हती. २००४ मध्ये काही काळ वीज फुकटही झाली होती. शेतकऱ्याला सवलत नको असं आमचं म्हणणं अजिबात नाही. पण स्वस्त विजेचा सर्वांत मोठा वाटा कुणाला मिळाला? ज्याच्याकडे जमीन जास्त, बोअर खोल आणि उसाचं रान. ज्वारीवाल्या कोरडवाहू बाईच्या शेतात मोटारच नव्हती. रात्रीच्या पाळीची वीज आली की दारं धरायला अंधारात जायचं, ते मात्र तिच्याही नशिबी आलं, दुसऱ्याच्या रानात.

आता सोलर पंप आले आहेत. रात्रीचं जागरण वाचतं, साप-विंचवाची भीती जाते, आम्ही स्वतः गटांना त्याचे अर्ज भरून देतो. फक्त एक सांगतो. ऊन फुकट आहे म्हणून पाणी वाढत नाही. ऊन आहे तोवर पंप चालू ठेवला, तर विहीर अधिक लवकर तळ दाखवेल.

याउलट २०१३ चा दुष्काळ आठवा. परळीचं औष्णिक वीज केंद्र तेव्हा बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा नव्हता म्हणून नाही, पाणी नव्हतं म्हणून. कोळसा जाळून वाफ करायलाही पाणीच लागतं. वीज नाही तर पाणी नाही हे आपल्याला माहीत होतं, पाणी नाही तर वीजही नाही हे त्या वर्षी कळलं.

खताचंही थोडक्यात सांगतो. १०:२६:२६ च्या गोणीवरचे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश शेकडा किती. पन्नास किलोच्या गोणीत पाच, तेरा, तेरा किलो. नत्र हवेतलंच असतं, पण ते दाणेदार खतात बांधायला नैसर्गिक वायू लागतो. ही युक्ती जर्मनीत १९०९ मध्ये सापडली. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात युरिया होतो, त्याला लागणारा वायू मुंबईपासून दूर समुद्राच्या तळाखालून येऊ लागला. तिथलं तेल-वायूचं क्षेत्र १९७४ मध्ये सापडलं. स्फुरद दगडातून येतं, त्यातला थोडा उदयपूरजवळच्या खाणीतला, बाकी बराचसा मोरोक्को, जॉर्डनसारख्या देशांतला. पालाश तर सगळंच बाहेरून, कॅनडा, रशिया, बेलारूस, आटलेल्या जुन्या समुद्रांचं मीठ. म्हणून १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल अडवलं आणि काही महिन्यांत त्याचा भाव चौपट झाला, तेव्हा खतही महागलं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हाही तेच. तालुक्याच्या दुकानातल्या गोणीचा भाव आपल्या सरपंचाच्याच काय, मंत्र्याच्याही हातात पूर्ण नसतो. शेणखताचा असतो. पण ते आपण चुलीत घालतो, कारण सिलिंडर परवडत नाही. गोवरी थापली की रानातलं नत्र धूर होऊन जातं. गोवरी थापणारी बाई मूर्ख नाही, तिला दोन्हीकडे कमी पडतं.

आणि कडबा? १९६४ च्या सीएसएच-१ पासून संकरित ज्वारी आली, दाणे जास्त, ताट बुटकं. रेशनवर गहू-तांदूळ मिळायला लागला. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आला, तो कडबा खात नाही, डिझेल पितो. ज्वारीचं रान दर दशकात घटत गेलं. आता शहरात ज्वारीची भाकरी चपातीपेक्षा महाग विकतात, आपल्याला हसू येतं.

मग बोअरच्या अर्जाचं काय करायचं? आमच्या चर्चेत दर वेळी पुरंदर तालुक्यातल्या नायगावचं नाव निघतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर तिथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. नियम साधे. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि ऊस नाही. सगळीकडे हे टिकलं असं नाही, मोठे कालवे आणि साखर कारखाने यांच्यापुढे हा विचार लहान पडला. पण कंजूष खडकावर राहणाऱ्या माणसांनी स्वतः केलेला याहून न्याय्य हिशोब आम्हाला तरी दुसरा माहीत नाही. अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद ठेवले आणि पावसाच्या हिशोबाने पिकं ठरवली, तेही याच वाटेवरचं. कायदाही आहे. २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटर आणि त्याहून खोल विहिरीवर बंधनं आहेत, आणि पिण्याच्या सार्वजनिक विहिरीचं रक्षण १९९३ च्या कायद्यापासूनच पाचशे मीटरच्या अंतराने सांगितलेलं आहे.

सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. आमच्या ग्रामसंघाने तेच महिने धरले आहेत. सुताची दोरी, तिला दर फुटावर गाठ, टोकाला दगड. ज्या बाईला बोअरसाठी कर्ज हवं, तिने आधी आपल्या आणि शेजारच्या दोन विहिरींची चार मोजमापं वहीत दाखवायची, शेजारणीची सही घ्यायची, मग अर्ज बैठकीत येतो. गेल्या हंगामात दोघींनी मोजणी केल्यावर अर्ज मागे घेतले, एकीने विहिरीतला गाळ काढायला कर्ज घेतलं, एकीने भांडून अर्ज पुढे नेला आणि तो मंजूरही झाला, कारण तिचे आकडे चांगले होते.

ऑक्टोबरची मोजणी कोजागिरीनंतरच्या आठवड्यात आहे. दोरी प्रत्येक वाडीत एक पोचली आहे, ज्यांच्याकडे नाही त्यांनी प्रभागाच्या ऑफिसातून न्यावी. वहीत तारीख, विहीर कुणाची, आणि पाणी काठापासून किती गाठींवर, एवढंच लिहायचं. येताना सासूबाईंना बरोबर आणा. त्यांना त्या विहिरीला बहात्तर साली किती पायऱ्या उघड्या होत्या ते आठवतं.